घरचे ताट, हातचे काम

काही वर्षांपूर्वी एका रविवारी पवित्र मिस्सा आटोपल्यावर एक माता आपल्या मुलासह सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मुलगा पंचविशीतला. लहानपणीच त्याला स्वमग्नता असल्याचे निदान झाले होते. तो फार बोलत नसे, बोललाच तर एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणे. मात्र दर रविवारी मिस्सा संपली की, कोणी न सांगता, तो मंदिरातील साऱ्या गायनपुस्तिका गोळा करून क्रमांकानुसार लावून ठेवीत असे. एखाद्या क्रमांकाची पुस्तिका सापडली नाही, तर ती सापडेपर्यंत तो बाकांखालून वाकून शोधत राही. आमचे सॅक्रिस्टन वृद्ध झाले होते आणि त्यांच्या हाताखाली मदतनीस हवा, अशी सूचना मी त्याच मिस्सात वाचून दाखवली होती. त्या मातेने विचारले, "फादर, माझ्या मुलाला हे काम जमेल का?"

मी काय उत्तर दिले ते आज लिहितानाही मला संकोच वाटतो. मी म्हणालो, "त्याला कशाला कामाचा भार? तो तर देवाचं लेकरू आहे." मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि त्याच्या हाती एक पवित्र चित्र दिले. माता क्षणभर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "फादर, आशीर्वाद त्याला सगळे देतात. काम मात्र कोणी देत नाही."

त्या वाक्याने मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आपल्या ख्रिस्तसभेच्या दीर्घ इतिहासात या प्रश्नाला कोणी कधी उत्तर दिले आहे काय, याचा मी शोध घेऊ लागलो. तेव्हा सेमिनरीत संतचरित्रांच्या ओघात ऐकलेले आणि विसरून गेलेले एक नाव पुन्हा समोर आले. ते नाव संत डिम्फनाचे, आणि तिच्यासोबत बेल्जियममधील गेल या गावाचे. या लेखात त्या गावाची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहे. ती केवळ भाविकतेची कथा नाही. तीत गौरवाइतकीच शिकवण आहे आणि थोडी खंतही आहे.

एका राजकन्येची समाधी

आख्यायिका अशी. सातव्या शतकात आयर्लंडमध्ये एक मूर्तिपूजक राजा होता. त्याची पत्नी ख्रिस्ती होती. ती निवर्तल्यावर राजा दुःखाने वेडापिसा झाला आणि आईशी साम्य असलेल्या आपल्या मुलीशीच, डिम्फनाशी, विवाह करण्याचा दुष्ट विचार त्याच्या मनात शिरला. डिम्फना आपले वृद्ध धर्मगुरू जेरेबर्नस यांच्यासह समुद्र ओलांडून पळाली आणि आजच्या अँटवर्प प्रांतातील गेल येथे आश्रयाला राहिली. बापाने तिचा माग काढला आणि तिथेच तिचा शिरच्छेद केला. ही कथा तेराव्या शतकाच्या मध्यास कांब्रे येथील एका धर्मगुरूने लोकांच्या तोंडून ऐकून लिहून काढली. तिच्यात इतिहास किती आणि कल्पना किती, हे आज ठरविणे कठीण आहे. पण तिने जे घडविले तो मात्र निःसंशय इतिहास आहे. जिचा बळी वेडाने घेतला, ती वेडाने ग्रासलेल्यांची कैवारी झाली. आपल्या परंपरेप्रमाणे तिचा सण १५ मे रोजी पाळला जाऊ लागला, आणि तिच्या समाधीकडे यात्रेकरूंची रीघ लागली.

गेल येथील डिम्फनाच्या भव्य मंदिराची उभारणी १३४९ साली सुरू झाली आणि पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ चालली. यात्रेचा विधी नऊ दिवसांचा असे. नोव्हेना करणारा रुग्ण किंवा त्याच्या वतीने दुसरे कोणी, संतेच्या समाधीखालून रोज नऊ वेळा गुडघ्यांवर रांगत जाई. रुग्णांच्या निवासासाठी पंधराव्या शतकात मंदिराला लागून एक इमारतही बांधण्यात आली. पण येणाऱ्यांची संख्या तिच्यात मावेना. कोणी नोव्हेनाची पाळी येईपर्यंत थांबे, कोणाला नोव्हेना झाल्यावरही गुण येत नसे, आणि कोणाचे आप्त त्याला तिथेच सोडून निघून जात. तेव्हा मंदिराच्या धर्मगुरूंनी आसपासच्या शेतकऱ्यांना विनंती केली की, या माणसांना काही काळ आपल्या घरी ठेवून घ्या. काही काळाचे काही महिने झाले, महिन्यांची वर्षे झाली. ज्यांना गुण आला नाही ते त्या घरांचेच झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मनोरुग्ण, बौद्धिक अक्षमता असलेली माणसे आणि आज ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो ती अवस्था असलेली माणसे, असा भेद त्या काळी कोणी करीत नसे. मनाचा आजार ही एक गोष्ट आहे आणि जन्मतःच मनाची घडण वेगळी असणे ही दुसरी, हे ज्ञान फार अलीकडचे आहे. गेलच्या घरांत ही सारी माणसे आली. ज्यांच्या अवस्थेवर औषध नाही, कारण तो मुळी आजारच नाही, अशीही माणसे त्यांत पुष्कळ होती.

शेतावरचे हात

गेलचा परिसर केंपेन नावाच्या रेताड आणि नापीक प्रदेशात आहे. तिथला शेतकरी श्रीमंत नव्हता. अशा घरात खाणारे एक तोंड वाढले म्हणजे काम करणारे दोन हातही वाढले पाहिजेत, हा साधा हिशेब होता. म्हणून पाहुणा दुसऱ्या दिवसापासूनच घरच्या माणसांबरोबर शेतावर जाऊ लागला. कोणी बटाटे काढी, कोणी गाईंना चारा घाली, कोणी लाकडे फोडी, कोणी स्वयंपाकघरात भाजी निवडी. ज्याला याहून काहीच जमत नसे, तो घरातल्या लहान मुलाचा पाळणा हलवीत बसे. गेलला गेलेल्या पाहुण्यांनी ज्या गोष्टी आवर्जून लिहून ठेवल्या आहेत, त्यांत एक ही आहे की, तिथले आईबाप आपली मुले अशा माणसांजवळ निर्धास्तपणे सोडून जात.

काम कोणते द्यावे हे ठरविणारा तिथे कोणी तज्ज्ञ नव्हता. गृहिणी आठवडाभर माणसाला निरखीत असे आणि त्याच्या हाताला काय रुचते ते तिला कळत असे. एका पिढीने जे पाहिले ते पुढच्या पिढीला आपोआप मिळे. आजीच्या काळापासून घरात असा पाहुणा असला, तर नातीला त्याचे वागणे विचित्र वाटत नसे. त्या माणसाला गेलच्या भाषेत 'रुग्ण' म्हणत नाहीत. जे नाव वापरतात त्याचा अर्थ एवढाच की, पैसे देऊन आपल्या घरी जेवून-खाऊन राहणारा. इतकेच नव्हे, तर अलीकडच्या काळातही सांभाळणाऱ्या कुटुंबाला पाहुण्याच्या आजाराचे वैद्यकीय नाव सांगितले जात नसे. नाव कळले की माणूस नावाआड दडतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

फ्रेंच राज्यक्रांतीची लाट बेल्जियमवर आली तेव्हा, १७९७ साली, नव्या सत्तेने डिम्फनाचे मंदिर बंद केले. धर्माबरोबर ही प्रथाही लोपेल, असे कोणालाही वाटले असते. झाले उलटेच. १८०३ मध्ये ब्रुसेल्सचे प्रशासक पॉन्तेकुलाँ यांनी शहरातल्या कोंदट आश्रमात खितपत पडलेल्या वेड्यांना सरकारी खर्चाने गेलला धाडले. यात्रा थांबली तरी आदरातिथ्य थांबले नव्हते. मला या घटनेत मोठा अर्थ दिसतो. वेदीपासून सुरू झालेली गोष्ट चारशे वर्षांत चुलीपर्यंत पोहोचली होती. आता वेदी बंद केली तरी चूल विझणार नव्हती.

१८२१ साली फ्रान्सचे ख्यातनाम मनोवैद्य एस्किरोल गेल पाहावयास गेले. शेकडो वेडी माणसे रस्त्यांतून, शेतांतून मोकळी हिंडताना पाहून ते थक्क झाले. युरोपभर त्या काळी अशा माणसांना भिंतीआड ठेवण्याची रीत रूढ होत होती. गेल मोठे की बंदिस्त आश्रम मोठा, असा वाद मग पुढची साठ-सत्तर वर्षे वैद्यकांत रंगला. गेलची कीर्ती इतकी दूरवर पसरली की, १८८० च्या सुमारास हॉलंडमधील एका पाळकाने आपल्या विक्षिप्त मुलाला तिथे धाडण्याचा बेत केला होता. त्या मुलाने जाण्यास नकार दिला. त्याचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

नाण्याची दुसरी बाजू

गेलचे गुणगान करणारे लेख पुष्कळ आहेत. परंतु इतिहास लिहिणाराने दुसरी बाजू झाकू नये. एस्किरोल यांनी मोकळी माणसे पाहिली, तशा काहींच्या पायांत बेड्याही पाहिल्या. पळून जाणाऱ्या किंवा अंगावर येणाऱ्या माणसाला शेतकरी साखळीने बांधून ठेवीत. गेंट येथील थोर वैद्य गिस्लँ यांनी गेलवर कठोर टीका केली. अशिक्षित शेतकऱ्याच्या हाती दुबळ्या माणसाला सोपवून देणे ही दया नव्हे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. या वादातून १८५० साली बेल्जियमने मनोरुग्णांसंबंधी कायदा केला. गेलची व्यवस्था शासनाने आपल्या देखरेखीखाली घेतली, पारिगो नावाचे वैद्य पहिले निरीक्षक झाले आणि १८६२ मध्ये गावात रुग्णालय उघडले. नवा माणूस आधी तिथे राही, त्याची पारख होई आणि मग तो योग्य घरी जाई. बेड्या हळूहळू इतिहासजमा झाल्या.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडतो. कुटुंबाला पाहुण्याच्या पालनपोषणासाठी शासनाकडून अल्प रक्कम मिळत असे. पाहुणा दिवसभर राबे, पण त्याला मजुरी अशी नव्हती. मिळालेच तर थोडे हातखर्चाचे पैसे, तंबाखू, सणाला नवा सदरा. मग हे आदरातिथ्य की फुकटची मजुरी? उत्तर घराघराप्रमाणे बदलत असणार. काही घरांत पाहुणा मुलांचा काका झाला, घरधन्याच्या मृत्यूनंतर मुलाने आणि मुलानंतर नातवाने त्याला सांभाळले. काही घरांत तो केवळ स्वस्त गडी राहिला असेल. १९७९ साली युजीन रोसेन्स या बेल्जियन मानववंशशास्त्रज्ञाचा गेलवरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यातूनही हेच दिसते की, पाहुणा घरातला असला तरी घरधन्याच्या बरोबरीचा कधी मानला गेला नाही. त्याला ताटात जागा होती, निर्णयात नव्हती.

१९३८ साली गेलमध्ये अशा पाहुण्यांची संख्या ३,७३६ होती. तो या प्रथेचा कळस. दुसऱ्या महायुद्धानंतर ती उतरत गेली आणि आज ती अडीचशेच्याही आत आली आहे. नवी औषधे निघाली, उपचारांच्या पद्धती बदलल्या, ही कारणे आहेतच. पण मोठे कारण शेतीचे आहे. शेतावर यंत्रे आली, गावात कारखाने आले, स्त्री-पुरुष दोघेही सकाळी डबा घेऊन कामावर जाऊ लागले. घरी कोणी उरले नाही आणि पाहुण्याला सोबतीने करता येईल असे कामही उरले नाही. २०२३ साली युनेस्कोने गेलच्या परंपरेची नोंद जतनाच्या उत्तम प्रथांत केली. सन्मान योग्यच आहे. तरीही जतनाच्या यादीत नाव जावे लागणे यातच काळाची पावले दिसतात.

हे वाचताना मला आमची आळी आठवली. माझ्या बालपणी शेजारच्या घरात एक साधे काका होते. त्यांना पैसे मोजता येत नसत, पण पहाटे वाडीला पाणी सोडणे, केळीची सुकी पाने काढणे, मोगऱ्याच्या कळ्या खुडून टोपलीत भरणे ही कामे ते कोणी न सांगता करीत. त्यांना 'दिव्यांग' म्हणावे असे कोणाच्या मनातही आले नाही. आज त्या वाडीच्या जागी इमारत आहे. काका आज असते तर चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून त्यांनी दिवस काढला असता. जागेचे भाव वाढले तेव्हा आपण काय विकले, याचा हिशेब करताना ही गोष्ट कोणी मांडली नाही.

कणसांच्या ओळी

आता गेलपासून अमेरिकेकडे वळू. १९४३ साली बाल्टिमोरचे बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेचे शास्त्रीय चित्र त्यात प्रथम स्पष्टपणे रेखाटले गेले. त्यातील पहिला मुलगा म्हणजे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावातला डोनाल्ड ट्रिप्लेट. जन्म १९३३ चा. चार वर्षांचा होण्याआधीच त्याला वैद्यांच्या सल्ल्याने घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. मातापित्यांनी वर्षभराने त्याला परत आणले. वडील वकील होते. त्यांनी मुलाविषयी तेहतीस पानांचे पत्र लिहून कॅनर यांच्याकडे धाव घेतली.

१९४२ मध्ये डोनाल्डला गावापासून दहा मैलांवरील लुईस नावाच्या शेतकरी दांपत्याकडे राहावयास ठेवले. १९४५ साली कॅनर स्वतः त्या शेतावर गेले आणि जे दिसले त्याने चकित झाले. डोनाल्डला मोजमापाचे वेड होते. लुईस यांनी त्याला विहीर खणावयास लावले आणि ती किती खोल झाली ते सांगण्याचे काम दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. त्यांनी त्याला शेतात एक तुकडा देऊन त्यांची दफनभूमी करू दिली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजत राही. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि ओळी नांगरता नांगरता मोज, असे सांगितले. कॅनर यांच्या देखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या.

वाचकहो, या साध्या दांपत्याने जे केले त्याचा विचार करा. मुलाची खोड मोडण्यात त्यांनी वर्षे घालविली नाहीत. त्या खोडीला त्यांनी काम जोडून दिले. गेलच्या गृहिणीने शतकानुशतके जे केले तेच मिसिसिपीच्या शेतावर, एकमेकांचे नावही न ऐकता, पुन्हा घडले.

डोनाल्ड पुढे शाळेत गेला, महाविद्यालयात गेला, १९५८ मध्ये पदवीधर झाला आणि गावातल्या बँकेत रोखपाल म्हणून कामाला लागला. तिथे त्याने अनेक दशके काम केले. तो गोल्फ खेळे, एकट्याने देशोदेशी प्रवास करी. जून २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. कॅनर यांनी १९७१ साली त्या अकरा मुलांचे पुढे काय झाले याचा मागोवा घेतला. ज्या मुलांना सरकारी संस्थांत ठेवले गेले होते, त्यांच्यासाठी ते दार जन्मठेपेसारखे ठरले, अशा आशयाचा कटू निष्कर्ष त्यांना काढावा लागला. बुद्धीची देणगी सर्वांची सारखी नव्हती हे खरे. डोनाल्डचे कुटुंब सधन होते आणि ती बँक स्थापन करणाऱ्यांत त्याचे आजोबा होते, हेही खरे. पण खरे आहे म्हणूनच ते आपल्याला टोचले पाहिजे. बँकवाल्याच्या नातवाला जे मिळाले, ते मजुराच्या मुलाला का मिळू नये?

दयेकडून न्यायाकडे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा व्यक्तींसाठी ठिकठिकाणी संरक्षित कार्यशाळा निघाल्या. तिथे मेणबत्त्या, पाकिटे, कागदी फुले तयार होत. आसरा मिळाला, पण गावापासून ताटातूट झाली. १९७० च्या दशकात मार्क गोल्ड या अमेरिकी शिक्षकाने, ज्यांना काहीच शिकविता येणार नाही असे मानले जात होते, अशा प्रौढांना सायकलचा पंधरा भागांचा ब्रेक जोडण्यास शिकविले. त्याची युक्ती अशी की, कामाचे लहान लहान टप्पे पाडावेत, शब्द कमी वापरावेत आणि शिकणाऱ्याला जमले नाही तर दोष त्याला न देता आपली रीत बदलावी. या विचारातून पुढे 'आधारयुक्त रोजगार' ही पद्धत आली. अमेरिकेच्या कायद्यांत ती १९८४ आणि १९८६ मध्ये समाविष्ट झाली. तिचे सूत्र जुन्या रीतीच्या उलट आहे. आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण आणि मग नोकरी, असे नव्हे. आधी खऱ्या ठिकाणी खरी नोकरी, खरे वेतन आणि मग त्या जागीच सोबत राहून शिकविणारा मार्गदर्शक. २००४ साली डेन्मार्कमध्ये एका स्वमग्न मुलाच्या पित्याने, थॉर्किल सोन यांनी, अशा व्यक्तींच्या काटेकोर नजरेचा उपयोग संगणक प्रणाली तपासण्यासाठी करणारी कंपनी काढली, तीही याच वाटेवरची.

आपल्या ख्रिस्तसभेनेही या प्रवासात मौलिक भर घातली आहे. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावर विश्वपत्र लिहिले. त्यातला बाविसावा परिच्छेद विशेषतः दिव्यांग व्यक्ती आणि काम या विषयाला वाहिलेला आहे. दिव्यांग व्यक्ती ही सर्व हक्कांसह पूर्ण मानव आहे, आणि केवळ धडधाकट माणसांनाच कामावर घेणारा समाज सबळांनी दुर्बलांवर केलेला अन्याय करतो, असा त्याचा आशय आहे. पोपमहोदयांनी हा विषय दानधर्माच्या प्रकरणात न घालता श्रमिकांच्या हक्कांच्या प्रकरणात घातला, हे महत्त्वाचे. गेलच्या व्यवस्थेत जी उणीव होती ती नेमकी इथे भरून निघते. ताट हे प्रेमाने द्यावयाचे असते, मजुरी मात्र न्यायानेच द्यावी लागते.

आपल्या अंगणात

आपल्या महाराष्ट्राचा इतिहासही नजरेखालून घालू. मुंबईत १९४४ मध्ये वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा सुरू केली, ती आज जय वकील या नावाने प्रसिद्ध आहे. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी निघाली. मुंबईच्या सोफिया महाविद्यालयाच्या आवारात धर्मभगिनींच्या पुढाकाराने १९७३ साली साधना शाळा उभी राहिली. १९९१ मध्ये मुंबईतच स्थापन झालेल्या ओम क्रिएशन्स या संस्थेने शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणींना रंगकाम, भांडी, खाद्यपदार्थ अशा कलाकौशल्यांतून कमाईची वाट दाखविली. शाळा झाल्या, पण शाळा अठराव्या वर्षी संपते आणि आयुष्य उरते, याची जाणीव अशा प्रयत्नांतून दृढ होत गेली.

कायद्याची चाल मात्र संथ होती. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी तीन टक्के जागा राखल्या. त्या दृष्टी, श्रवण आणि अस्थी यांसंबंधीच्या अक्षमतांसाठी वाटल्या गेल्या. बौद्धिक अक्षमतेचे नाव त्या कायद्यात होते, पण नोकरीत वाटा नव्हता. स्वमग्नतेचे तर नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेला स्थान मिळाले. त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अक्षमतांचे प्रकार एकवीस केले आणि राखीव जागा चार टक्क्यांवर नेल्या. त्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मनोविकार आणि बहुविध अक्षमता यांच्यासाठी आहे. कागदावर दार उघडले गेले. पण सरकारी नोकऱ्या किती आणि त्या परीक्षांना बसू शकणारी अशी मुले किती? बहुतेकांना काम मिळाले तर ते ओळखीच्या दुकानात, शेजारच्या बेकरीत, फुलांच्या गाळ्यावर किंवा चर्चच्या आवारातच मिळणार. म्हणजे प्रश्न फिरून आपल्याच दारी येतो.

उरलेली गोष्ट

ती माता मला ते वाक्य बोलून गेली, त्याला आठ महिने लोटल्यावर मी तिच्या घरी गेलो. झाल्या गोष्टीची क्षमा मागितली आणि मुलाला कामावर घेण्याची इच्छा सांगितली. ती लगेच हो म्हणाली नाही. "पंधरा दिवसांनी नको म्हणणार असाल, तर आत्ताच नको म्हणा, फादर," असे तिने सुनावले. तिचे म्हणणे रास्त होते.

सुरुवातीला अडचणी आल्याच. दुपारच्या बारा वाजताची देवदूताच्या वंदनेची घंटा त्याच्याकडे दिली. तो घड्याळाचा काटा बाराला टेकताच घंटा वाजवी. एके दिवशी त्याच वेळी अंत्यविधी चालू होता, सॅक्रिस्टनने त्याचा हात धरला आणि तो इतका अस्वस्थ झाला की, कानांवर हात ठेवून जमिनीवर बसला. लोक वळून पाहू लागले. त्या संध्याकाळी धर्मग्राम परिषदेत काहींनी हे सारे थांबवावे असे सुचविले. तेव्हा वृद्ध सॅक्रिस्टनच म्हणाले, "चूक माझी. त्याला आदल्या दिवशी सांगायला हवं होतं." तेव्हापासून दुसऱ्या दिवशीच्या वेळा आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहिल्या जातात. अचानक काही बदलले तर फळ्यावर लाल खडूने फुली मारून नवी वेळ लिहितात. आता त्या फळ्याचा उपयोग आम्हा सर्वांनाच होतो. गायनमंडळ वेळेवर येऊ लागले हा त्याचाच प्रताप.

गायनपुस्तिका, मेणबत्त्या, वेदीवरची वस्त्रे यांची नोंदवही तो ठेवतो. आठवड्याला चार सकाळी काम करतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाकीच्या सेवकांसारखेच त्यालाही पाकीट मिळते आणि बाकीच्यांसारखीच तोही नोंदवहीत सही करतो. ही सही मला फार मोलाची वाटते. गेलच्या पाहुण्याला ती कधी मिळाली नव्हती.

यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. एका धर्मग्रामात एका तरुणाला आठवड्याचे चार दिवस काम मिळाले, एवढीच ही गोष्ट आहे. त्याच धर्मग्रामात अशा आणखी पाच-सहा व्यक्ती घरांत बसून आहेत, आणि त्यांतील दोघांचे आईवडील सत्तरी ओलांडलेले आहेत. आमच्यामागे याचे कसे, हा त्यांचा प्रश्न मी अजून सोडवू शकलेलो नाही. गेलने त्याचे एक उत्तर दिले होते. ते उत्तर शेतीबरोबर ओसरत चालले आहे. आपल्याला आपले उत्तर शोधावे लागेल, आणि ते दुकान, कार्यालय, पतपेढी, शाळा आणि गृहसंकुले असलेल्या आजच्या वसाहतीत शोधावे लागेल.

शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. दिवस मावळावयास तासभर उरला असताना धनी बाजारात जातो आणि उभ्या असलेल्या माणसांना विचारतो की, तुम्ही दिवसभर इथे रिकामे का? त्यांचे उत्तर असते की, आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. पुष्कळ वर्षे मी या दाखल्यावर देवाच्या औदार्याविषयी प्रवचन करीत आलो. उशिरा आलेल्यांनाही पुरे वेतन, हाच त्याचा गाभा मी सांगत असे. ते उत्तर देणारी माणसे कोण होती, दिवसभर इतरांनी त्यांना का निवडले नाही, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. आता तो दाखला वाचला की मला मंदिराच्या बाकांखाली हरवलेली पुस्तिका शोधणारा तो मुलगा दिसतो. तो रिकामा बसला नव्हता. त्याने आपले काम केव्हाच सुरू केले होते. कामावर लावायचे राहिले होते ते आम्हीच.